प्लगमधला चोंबडा पाहुणा

वॅटमीटर, म्हणजे कोण किती वीज खातं ते मोजणारं हे यंत्र, मी हौसेने घेतलं नाही, भांडणापायी घेतलं. दोन वर्षांपूर्वी सणासुदीच्या महिन्याचं वीजबिल आलं ते नेहमीच्या दीडपट. बायकोने ते माझ्या चष्म्याच्या घरावर ठेवलं, गॅलरीतल्या दिव्यांच्या माळांकडे बोट दाखवलं आणि "अहो, उतरवा आता ती जत्रा," एवढंच बोलून आत गेली.

माळा मी लावल्या होत्या. एक नाही, सात. सातही एलईडीच्या, आणि त्या काही खात नाहीत असं मी छातीठोकपणे सांगत होतो. "खात नाहीत म्हणजे किती?" या तिच्या प्रश्नावर मात्र मी गप्प. जन्मभर हिशेब लिहिण्यात नोकरी गेली. आकडा माहीत नाही हे कबूल करणं माझ्या पचनी पडत नाही. त्याच आठवड्यात वॅटमीटर मागवला. मधल्या काळात दोन सणासुदी गेल्या, वही अर्धी भरली, म्हणून आता लिहितोय.

दिसायला मुठीएवढी पांढरी डबी. मागे पिना, पुढे सॉकेट, वर छोटा पडदा आणि खाली तीन बटणं. भिंतीतल्या सॉकेटात हा खोचायचा आणि ज्याचं वजन करायचं त्याचा प्लग याच्या पोटात. झालं. या क्षणी किती वॅट, आतापर्यंत किती युनिटं, किती तास झाले, जास्तीत जास्त किती ओढले, हे सगळं एकच बटण दाबत फिरून फिरून दिसतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशा डब्या निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि मी जे गुणदोष सांगणार आहे ते त्या साऱ्या जातीचे आहेत. ज्यांना वॅट आणि युनिट यांत नेहमी गोंधळ होतो त्यांच्यासाठी: वॅट ही नळाची धार, युनिट ही भरलेली बादली. हजार वॅटची धार तासभर वाहिली की एक युनिट.

आधी माळा. माळ्यावरच्या खोक्यातून जुनी माळ काढली, शंभर बारीक बल्बांची, आत तार तापून उजेड देणारी. लावली तर ४१ वॅट. बल्बला बोट लावलं तर कोमट लागतो, म्हणजे निम्म्याहून जास्त वीज उजेडात जातच नाही, ऊब होऊन जाते. मग नवी एलईडीची, तीही शंभर ठिपक्यांची. ६ वॅट. मी विजयी मुद्रेने बायकोला हाक मारली. तिने पडदा पाहिला, मान वळवून गॅलरी पाहिली आणि म्हणाली, "सात सक बेचाळीस. म्हणजे तुमच्या त्या एका जुन्या माळेपेक्षा एक जास्तच."

बरोबर होतं. पूर्वी आमच्याकडे एकच माळ असायची आणि ती झोपताना आठवणीने बंद व्हायची. एलईडी आल्यावर "ही काही खात नाही" म्हणत मी दर वर्षी एक-दोन वाढवत गेलो, आणि त्याच कारणाने त्या सकाळपर्यंत जळत राहू लागल्या. वहीत मांडून पाहिलं. जुनी माळ, रोज सहा तास, पंधरा दिवस: ३.६९ युनिटं. सात नव्या माळा, रोज बारा तास, पंधरा दिवस: ७.५६ युनिटं. दिवा सातपट काटकसरी झाला आणि माझा खप दुप्पट झाला. जेव्हन्स नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच म्हटलं होतं, की इंजिनं कमी कोळशात चालू लागली की कोळशाचा एकूण खप घटत नाही, वाढतो. त्याला इंजिनं मोजावी लागली, मला गॅलरी पुरली.

यात एलईडीचा दोष काही नाही. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनवला, पण निळा जमायला पुढे तीसेक वर्षं गेली, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. त्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्या लोकांनी डोकं झिजवून वाचवलेली वीज मी जास्तीच्या सहा माळा लावून उडवली, एवढाच मुद्दा. आता माळा तीन आहेत आणि साध्या टायमरवर आहेत, रात्री अकराला आपोआप विझतात. टायमर स्वतः पाऊण वॅट खातो, तेही मोजून झालंय.

याच भांडणाच्या भरात मी एक शहाणपणा केला होता तो इथे लपवत नाही. बिलात दिसूच नये म्हणून सेलवर चालणाऱ्या तीन माळा आणल्या. प्रत्येकीत तीन पेन्सिल सेल. पहिले दोन दिवस लख्ख, तिसऱ्या दिवशी चिमणीच्या वातीसारख्या मिणमिण. पंधरवड्यात पाच वेळा सेल बदलले, म्हणजे पंचेचाळीस सेल. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण तीन वॅट-तास वीज असते. एक युनिट सेलांतून काढायचं म्हटलं तर सव्वातीनशेच्या वर सेल लागतील. माझ्या पंचेचाळीस सेलांनी मिळून दिली ती एका युनिटाच्या सातव्या हिश्शाएवढी, आणि मागे ठेवला तो किलोभर मेलेल्या सेलांचा ढीग, जो साध्या कचऱ्यात टाकायचा नसतो म्हणून आठ महिने एका बरणीत पडून होता. बिल कमी करायचं म्हणून कचरा विकत घेतला. आता त्या माळांत पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल घालतो. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देतात, त्यामुळे माळ जरा मंद दिसते. कोणी तक्रार केलेली नाही.

पण मूळ प्रश्न तसाच होता. माळांनी खाल्ली साडेसात युनिटं. दीडपट बिल साडेसात युनिटांत होत नाही. उरलेली वीज कोणी खाल्ली?

हा शोध गेल्या वर्षी सणासुदीत लागला, पाहुणे घरात असताना. धाकटी बहीण, मेहुणे आणि भाचा असे तिघं दहा-बारा दिवस होते. भाच्याला वॅटमीटरचं वेड लागलं. सकाळी उठला की, "मामा, आज कोणाला पकडायचं?" त्याने पहिल्यांदा पकडला तो टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. चालू असताना १४ वॅट. रिमोटने बंद केला: १२. भाच्याने पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. १४, १२, १४, १२. मला वाटलं यंत्र बिघडलं. बिघडलं नव्हतं. रिमोटचं बटण दाबल्यावर त्या डब्याचा फक्त पुढचा दिवा रंग बदलतो, पोटातली सगळी यंत्रणा जागीच असते, म्हणून तर तो बंद असतानाही गरम लागतो. बारा वॅट, चोवीस तास, पंधरा दिवस: ४.३२ युनिटं. आमच्या बदनाम जुन्या माळेने आख्ख्या मोसमात खाल्ली असती त्यापेक्षा जास्त, तेही काहीही न दाखवता. वर्षाचा हिशेब केला तर शंभराच्या वर जातो. टीव्हीतसुद्धा "झटपट सुरू व्हा" अशी एक सोय होती, ती सुरू असताना बंद टीव्ही १९ वॅट ओढत होता. ती सोय काढली तर अर्ध्या वॅटच्याही खाली. आठ सेकंद वाट पाहायला लागते एवढंच.

यंत्र बंद असताना एका वॅटपेक्षा जास्त खाऊ नये, हा आग्रह आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच धरला होता. युरोपीय संघाने २०१३ पासून साध्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. म्हणजे नवी बरीचशी यंत्रं आता शहाणी आहेत. खादाड ते जुने डबे, आणि सतत नेटला जोडलेले. आम्ही टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर एका बोर्डावर आणून त्याचं मुख्य बटण बंद करायला लागलो.

इथे मुलीची जाहीर माफी मागायला हवी. मोबाइलचा चार्जर सॉकेटात तसाच ठेवते म्हणून मी तिच्यावर वर्षानुवर्षं ओरडलो. रिकामा चार्जर मीटरला लावला: शून्य. एका बोर्डात पाच चार्जर लावले: ०.३ वॅट. आणि मी ओरडत असताना माझ्याच मागे टीव्ही आणि बॉक्स मिळून एकतीस वॅट पीत उभे होते.

आता फ्रीजकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

फ्रीज मोजताना एक चूक सगळे करतात, आम्हीही केली. भाच्याने प्लग लावून पडदा पाहिला आणि जाहीर केलं, "मामा, दोनच वॅट!" दहा मिनिटांनी मी पाहिलं तर ११५. फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, त्यामुळे क्षणाचा आकडा काही सांगत नाही. मीटर पूर्ण चोवीस तास लावून ठेवायचा आणि वॅट नाही, युनिटं वाचायची. स्वयंपाकघरातला फ्रीज एरवी दिवसाला १.३ युनिटं घेतो. पाहुणे असताना १.८. दार सतत उघडतं, गरम भांडी आत जातात, ते समजण्यासारखं आहे.

मग भाचा म्हणाला, "आणि कोठीतला?"

कोठीच्या खोलीत आमचा जुना फ्रीज आहे, म्हणजे होता. नवा आल्यावर जुना टाकवला नाही. सणासुदीत उपयोगी पडतो म्हणून ठेवलेला. मीटर त्याला लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आम्ही तिघं, मी, भाचा आणि बायको, कोठीत गुडघ्यांवर वाकलो. २.४ युनिटं. मोठ्या, भरलेल्या, दिवसभर उघडझाप होणाऱ्या नव्या फ्रीजपेक्षा हा लहान, अर्धा रिकामा फ्रीज जास्त खात होता. महिन्याला ७२ युनिटं. माझ्या सात माळा: साडेसात.

मी काहीच बोललो नाही. खरंच नाही बोललो. तो फ्रीज दर वर्षी पाहुणे येण्याआधी दहा दिवस बायको सुरू करते आणि पाहुणे गेले की तो बंद करायचा हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. ती दोन मिनिटं पडद्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "पाहुणे तुमच्याकडचेच असतात."

तो इतकं का खातो ते पाहायला सोपं निघालं. कागदाचा कपटा दारात धरून दार लावलं आणि कागद ओढला. धड दारात कागद घट्ट धरला जातो. याच्यातून तो अलगद निघून आला, खालच्या कोपऱ्यात तर नुसता वाऱ्याने हलला. रबर कडक होऊन चिरलं होतं. वरच्या कप्प्यात बोटभर बर्फाचा थर. मागची जाळी भिंतीला टेकलेली, तिला श्वास घ्यायला जागा नाही, आणि कोठीला खिडकी नाही. थंड हवा खालून बाहेर आणि गरम दमट हवा आत, असं चोवीस तास चाललेलं. कॉम्प्रेसर थांबतच नव्हता.

आणि त्याच्या आत काय होतं? वरच्या कप्प्यात पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या. बाकी सगळं उरलेलं अन्न. पाहुणे गेल्यावर आम्ही तो रिकामा केला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होता, भाचा नसल्यामुळे मीच उत्साहाने पिशव्या अडकवल्या. त्या फ्रीजमधून थेट कचऱ्यात गेलं ६.४ किलो अन्न. तळाशी एका डब्यात काय होतं ते ओळखू आलं नाही, बायकोने डब्यासकट टाकायला लावलं. म्हणजे पंधरा दिवसांत ३६ युनिटं खर्चून आम्ही जे गार ठेवलं ते टाकूनच दिलं. ते शिजवायला लागलेला गॅस, आणायला लागलेल्या फेऱ्या, उभं राहून झिजलेले पाय, हे वहीत मांडायला रकाना नव्हता.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं मिळून उरलेल्या ४० टक्क्यांत. हा आकडा मी पूर्वी वाचला होता तेव्हा "लोक किती नासधूस करतात" असं म्हणून पान उलटलं होतं.

गंमत म्हणजे जास्तीचा फ्रीज नसता तर हे अन्न इतकं उरलंच नसतं. जागा आहे म्हटल्यावर "असू दे, ठेवून दे" असं म्हटलं जातं. मोठ्या पातेल्यात तसंच ठेवलं जातं, मागे ढकललं जातं, पुढे दुसरं पातेलं येतं. शिवाय खोल पातेल्यातलं अन्न मधोमध निवायला कित्येक तास लागतात, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे ते जितका वेळ राहील तितके जंतू फोफावतात. दोन तासांच्या आत, उथळ डब्यांत वाटून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, असं अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. आम्ही पूर्ण निवण्याची वाट पाहत ते ओट्यावर अर्धी रात्र ठेवायचो आणि मग फ्रीज नीट गार करत नाही म्हणून त्याला शिव्या द्यायचो.

यंदा कोठीतला फ्रीज सुरूच केला नाही. बाटल्यांसाठी बर्फ घातलेली थंडपेटी ओट्याखाली ठेवली. तिचा फायदा असा की पोरं दर पाच मिनिटांनी फ्रीज उघडत नाहीत. स्वयंपाकाचा अंदाज माणशी धरायला बायको तयार नव्हती ("कमी पडलं तर?"), तेव्हा तह असा झाला की पदार्थ कमी नाहीत, पण दुसऱ्यांदा वाढण्याएवढंच पातेल्यात, बाकीचं शिजवायचं राहू द्यायचं आणि लागलं तर लावायचं. लागलं एकदाच. उरलेलं उथळ डब्यांत, झाकणावर चिकटपट्टी आणि तारीख, आणि पाहुण्यांना निघताना डबे भरून. यंदाच्या पिशवीचं वजन १.९ किलो. त्यातही निम्मी सालं आणि देठं होती असं बायकोचं म्हणणं आहे, पण मी ती वेगळी तोलली नाहीत म्हणून वहीत तसं लिहिलेलं नाही.

तो हुकाचा काटा आता वॅटमीटरचा जोडीदार झालाय. कचरा तोलून पाहण्यासारखी दुसरी गोष्ट नाही. भेटवस्तूंची खोकी आणि वेष्टणं बोचक्याएवढी दिसली तरी भरली तीन किलोच, आणि त्यातला साधा पुठ्ठा रद्दीत सहज जातो. त्रास देतो तो चमकणारा कागद. तो ओळखायची युक्ती सोपी: मुठीत चुरगाळायचा आणि सोडायचा. गोळा तसाच राहिला तर तो कागद. हळूहळू उलगडायला लागला तर त्यात प्लास्टिक किंवा धातूचा पापुद्रा आहे, त्याचं पुन्हा कागद होत नाही. चमकीचंही तेच. ती बारीक प्लास्टिकच असते, आणि युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंधनं आणली आहेत. आमच्या जाजमात दोन वर्षांपूर्वीची अजून निघते. आणि बिघडलेली माळ सुक्या कचऱ्यात टाकू नका. निवडणीच्या यंत्रांच्या चाकांना ती गुंडाळली जाते आणि सगळं थांबवून माणसाला ती कापून काढावी लागते. ती ई-कचऱ्यात. तशी अर्धी विझलेली माळ बहुतेक वेळा एका सैल जोडापायी विझते, टाकण्याआधी दहा मिनिटं ठिपके दाबून पाहायला हरकत नाही. माझ्या दोन वाचल्या.

बाकीचं थोडक्यात. टेबलावरच्या ओव्हनने पाऊण तासात ०.८ युनिट घेतलं, म्हणजे रोज सहा तास जळणाऱ्या एका माळेचा बावीस दिवसांचा खुराक. आम्ही तो "तापू दे" म्हणून अर्धा तास आधी लावायचो, मीटरवर पाहिलं तर बारा मिनिटांत तापून त्याचं ओढणं थांबलेलं असतं. आता दोन ताटं एकामागोमाग आत जातात आणि शेवटची दहा मिनिटं उरलेल्या उबेवर. पाण्याच्या किटलीत लिटरभर आधणाला ०.११ युनिट लागलं. २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला गणिताने ०.०९३ येतं, तेव्हा किटली प्रामाणिक आहे. अप्रामाणिक आम्ही, दोन पेल्यांसाठी काठोकाठ भरणारे.

आता यंत्राच्या तक्रारी. पडद्यात उजेड नाही. फ्रीजचं सॉकेट फ्रीजच्या मागे, खाली, अंधारात. आकडा वाचायला एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात हजामतीचा आरसा, आणि आरशात ५ चा २ दिसतो. पहिल्या दिवशी मी १.३ ऐवजी भलताच आकडा लिहून ठेवला होता. दुसरं, अंग एवढं रुंद की शेजारचं सॉकेट झाकलं जातं. तिसरं, दोन वॅटच्या खाली याच्या बोलण्यावर फार विसंबू नका. आतला बटणसेल दीड वर्षात संपला आणि त्यानंतर वीज गेली की आठवण पुसली जाते. चोवीस तासांची दोन मोजणी तशी वाया गेली. भिंतीत थेट जोडलेला गीझर किंवा एसी याला मोजताच येत नाही, आणि सणासुदीत अंघोळींची रांग लागते तेव्हा गीझर काय खातो हे कळायला मुख्य मीटरचे आकडे आधी-नंतर टिपण्याला पर्याय नाही.

एक गोंधळ यंत्राचा नाही, पण विचारला जाईल म्हणून सांगतो. भाच्याने पडद्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले आणि एलईडी माळेचे बारा काढले, पडदा मात्र सहाच म्हणत होता. दोन्ही बरोबर. स्वस्त माळेचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास असतो, ती बारा मागते आणि सहाच वापरते. घरगुती बिल साधारणपणे वापरलेल्या विजेवर लागतं. म्हणून वॅटच वाचा. आणि मागे १६ अँपिअर लिहिलंय म्हणून त्यात बोर्ड, बोर्डात ओव्हन, किटली आणि इस्त्री असं काही करू नका. मी एकदा दोन एकदम लावली, तेव्हा प्लग हाताला चटका बसेल इतका तापला होता.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो आरशासाठी.

कोठीतला फ्रीज गेल्या महिन्यात गेला. भंगारवाला दाराशी आला होता, पण मागच्या पट्टीवर आतल्या गार करणाऱ्या गॅसचं नाव आर-१३४ए असं लिहिलेलं पाहिलं आणि त्याला परत पाठवलं. त्या गॅसची वातावरण तापवायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. नळी कापली की सगळा हवेत. तो आधी शोषून काढणारं अधिकृत ई-कचरा केंद्र शोधायला दोन आठवडे लागले. तिकडच्या माणसाने दार उघडून पाहिलं, रबरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा चालू होता?" बायको पटकन आत निघून गेली.

वॅटमीटर सध्या घरात नाही. बहीण जाताना, "दादा, महिनाभर दे," म्हणून घेऊन गेली. परवा तिने पडद्याचा फोटो पाठवला. ११.६ वॅट. खाली लिहिलं होतं, "बंद आहे तरी एवढे. कशाचे असतील ओळख." ओळखायची गरज नव्हती. मागे दिसणारा तो स्पीकर दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना भेट दिला होता. वेष्टणही चमकणारं होतं.